नागपुरात सरकारी योजनांवर बाळंतपण: कोणता कागद कधी लागतो आणि कुठे जायचं

नागपुरातल्या कुठल्याही वस्तीत गरोदर बाईच्या घरी जाऊन विचारा, बाळंतपणाची तयारी काय केली? बहुतेक वेळा उत्तर येतं, "आयुष्मान कार्ड काढून ठेवलं आहे." त्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं हे खरं, पण साधं बाळंतपण त्या कार्डावर होत नाही. ते मोफत होतं ते एका वेगळ्याच हक्कामुळे, आणि त्याला कुठलंच कार्ड लागत नाही. बाईचा जीव वाचवायला या दोन्हींपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. मात्र ते वेळच्या वेळी भरलेलं हवं.

२०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. राज्याचा आकडा चांगला आहे. तरी ज्या बाया दगावतात त्यांची कारणं अजून जुनीच आहेत: अतिरक्तस्राव, वाढलेल्या रक्तदाबातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, आणि या सगळ्यांना जागा करून देणारा रक्तक्षय. यातलं बरंचसं चार-पाच महिने आधी कागदावर दिसतं. म्हणून हा लेख महिन्यांच्या क्रमाने लिहिला आहे. वाचायला गरोदर बाईला वेळ नसेल तर तिच्या नणंदेने, जावेने, नवऱ्याने वाचावा. नवऱ्याने तर वाचावाच.

आधी योजनांचा गुंता सोडवू

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर लागू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत, सिझर मोफत. औषधं, तपासण्या, सोनोग्राफी, रक्त, सगळं मोफत. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण. घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी, अशी गाडीही मोफत. आजारी बाळाचे उपचारही यातच येतात. सुरुवातीला ते ३० दिवसांपर्यंत होते, पुढे वर्षभरापर्यंत वाढवले. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग बघायचा नाही, कितवं बाळंतपण हेही विचारायचं नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून नागपूरला आलेल्या बाईलाही हा हक्क आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत ही विम्याची जोडगोळी. फुले योजना पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्याच रेशन कार्डधारकांना लागू आहे, पांढरं कार्ड धरून, आणि मर्यादा पाच लाख. तिच्यात ठरलेल्या यादीतले उपचारच बसतात. गरोदरपणातली गंभीर गुंतागुंत, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ काचेत ठेवावं लागणं, असे प्रसंग आले की ती कामाला येते. खासगी रुग्णालयाच्या बाहेर योजनेचा फलक आहे म्हणून आतलं प्रत्येक सिझर फुकट होईल, असं धरून चालू नका. यादीतले काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) टेबलावर थेट विचारा: "हा उपचार यादीत बसतो का? मंजुरी आली का?" हेल्पलाइन १५५३८८.

हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत कामाला असलेल्यांची राज्य कामगार विमा योजना वेगळी. पगारातून तिची कपात होत असेल तर कामगाराच्या बायकोला सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाची सेवा मिळते. बाई स्वतः विमाधारक असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पूर्ण पगाराइतकी भरपाईही मिळते. अट एवढीच की आधीच्या दोन अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे कपातीचे टप्पे) तिच्या किमान ७० दिवसांची कपात भरलेली असावी. कंत्राटदाराने कपात केली पण भरली नाही, असं खूपदा निघतं. दिवस गेल्याचं कळल्याबरोबर विमा क्रमांक घालून ऑनलाइन खातं तपासा. आठव्या महिन्यात हे कळून उपयोग नाही.

आता बांधकाम कामगार. नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात चालू नोंदणी असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना नॉर्मलसाठी १५,००० आणि सिझरसाठी २०,००० रुपये मिळतात. नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं की हे पैसे जातात. शहरात एवढी बांधकामं चालू असताना इतक्या घरांना याचा पत्ता नसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पहिले तीन महिने: नोंदणी

पाळी चुकली आणि घरच्या चाचणीत कळलं की बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करायची. शहरात महापालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात, गावात उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. "तीन महिने कोणाला सांगू नये" ही आपल्याकडची रीत. शेजारणीला सांगू नका, पण आशाताईंना सांगा. पुढच्या सगळ्या पैशांची आणि तपासण्यांची तारीख या नोंदणीपासून मोजली जाते.

नोंदणीच्या वेळी आधार, बँक पासबुक, शेवटच्या पाळीची तारीख आणि आधीच्या बाळंतपणाचे कागद न्या. पाळीची तारीख अंदाजाने सांगू नका. आठवत नसेल तर तसं सांगा, म्हणजे लवकरच्या सोनोग्राफीवरून दिवस ठरवता येतात. दिवस चुकले तर पुढे बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे की वाढच कमी आहे, हे डॉक्टरांना ठरवणं अवघड जातं.

पहिल्याच खेपेला एवढ्या तपासण्या झाल्या पाहिजेत: हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, रक्तदाब, वजन आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार). कार्डावर प्रत्येकीसमोर आकडा लिहून घ्या. "नॉर्मल" असा शेरा पुरत नाही. पुढच्या डॉक्टरला आकडाच लागतो.

रक्तगट निगेटिव्ह आला तर नवऱ्याचा रक्तगट लगेच तपासून घ्या. त्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) डॉक्टरांशी बोला: साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह गटाचं निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं.

सिकलसेल: विदर्भात ही पायरी टाळून चालत नाही

पुण्या-मुंबईत छापलेल्या गर्भारपणाच्या पुस्तकांत सिकलसेलला दोन ओळी मिळतात. नागपूरकरांना त्या पुरत नाहीत. पूर्व विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे, आणि "आमच्यात नसतो तो" म्हणून कोणीही तपासणी टाळू नये.

आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. बाई नुसती वाहक आहे (एएस) की रुग्ण (एसएस), हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ततपासणी लागते. इथे बऱ्याच जणींचा कागद अर्धवट राहतो. सोल्युबिलिटीचा कागद फाइलला लावला जातो, "सिकल निघालं" असं घरात बोललं जातं आणि पुढची तपासणी होतच नाही. आशाताईंकडून पुढच्या तपासणीची चिठ्ठी घ्या. डागा स्त्री रुग्णालयात, तसंच मेयो आणि मेडिकल या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय आहे. एचपीएलसीत थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं वाहकपणही दिसतं. सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आले तरी बाळाला त्रास होतो, म्हणून या तपासणीचं मोल आणखी जास्त.

बाई वाहक किंवा रुग्ण निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी. इथे घरं अडतात. "पोराला काय झालंय, धडधाकट आहे" असं सासू म्हणते. वाहक माणूस धडधाकटच असतो, त्याला कधी कळतही नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. हा हिशेब दर खेपेला नव्याने लागू होतो. पहिलं बाळ चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची तपासणी सोडू नये.

गर्भातल्या बाळाची तपासणी करायची असेल तर साधारण दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतात, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल. लवकर नोंदणी करा असं मी वारंवार म्हणतो ते यासाठी. निकालानंतर काय करायचं हा त्या बाईचा निर्णय. गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, काही ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. बाई १८ वर्षांवरची असेल तर फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

बाई स्वतः एसएस असेल तर ते गरोदरपण पहिल्या दिवसापासून जोखमीचं. तिची तपासणी मेडिकल, मेयो किंवा एम्ससारख्या मोठ्या ठिकाणी आणि बाळंतपणही तिथेच. तिला फॉलिक अ‍ॅसिड लागतंच, पण लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, कारण आधी बऱ्याच वेळा रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचं दुखणं उसळतं, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांचा पारा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत ठेवायची, दवाखान्यात सकाळीच जायचं. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर घरी वाट पाहू नका, त्याच तासाला निघा. अशा बाईसाठी रक्तदाते आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावेत.

चौथा ते सातवा महिना: रक्त वाढवायची हीच वेळ

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. ७ ते १० म्हणजे मध्यम रक्तक्षय, ७ च्या खाली गंभीर. बाळंतपणात रक्त जातंच. ११ असलेली बाई ते सोसते, ६ असलेली त्याच रक्तस्रावात कोसळते. आणि ६ चे ११ एका रात्रीत होत नाहीत.

आरोग्य केंद्रातली लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत, ही खरी अडचण. मळमळतं, शौच काळी होते, कोणीतरी सांगतं की गोळीने बाळ काळं होतं. शौच काळी होणं साहजिक आहे, बाळाच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्या. लिंबूपाणी, आवळा किंवा हंगामात संत्रं सोबत घेतलं तर लोह नीट शोषलं जातं. चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर गोळीचा बराचसा फायदा वाया जातो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन तासांचं तरी अंतर ठेवून. कॅल्शियम दिवसातून दोनदा, तीही चौथ्या महिन्यापासून. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी मिळते, ती विसरू नका.

महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. रोज गोळी घेऊनही एका महिन्यात एक अंकाने वाढलं नसेल तर "अजून गोळ्या घ्या" यावर थांबू नका. कारण शोधायला हवं (सिकल किंवा थॅलेसेमिया आहे का ते इथेही बघतात) आणि शिरेतून लोह द्यायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायला हवं. सरकारी रुग्णालयात तेही मोफत आहे. आठव्या महिन्यापर्यंत वाट पाहिली तर रक्त चढवण्याशिवाय मार्ग उरत नाही.

जेवणाचं फार लांबवत नाही. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, अंडं, खात असाल तर मटण. बाई घरात सगळ्यांनंतर उरलंसुरलं खाते ती सवय या नऊ महिन्यांपुरती तरी मोडा. अंगणवाडीतून मिळणारा शिधा तिच्यासाठी आहे, सगळ्या घराच्या डब्यात ओतायला नाही.

साखरेची तपासणी दोनदा. पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे दोन डोस महिन्याच्या अंतराने. १८ ते २० आठवड्यांत बाळाची रचना बघणारी सोनोग्राफी. तिथे मुलगा की मुलगी विचारणं हा गुन्हा आहे, एवढं इथे पुरे.

दर महिन्याची ९ तारीख

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यानंतरच्या गरोदर बायांची तपासणी डॉक्टर स्वतः करतात. ९ ला सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. एरवीच्या ओपीडीत ज्या बाईची नाडी धड बघितली जात नाही, तिला या दिवशी डॉक्टर दिसतात. एक तरी ९ तारीख चुकवू नका.

तपासणीनंतर कार्डावर चिकटपट्टी लावतात. हिरवी म्हणजे सध्या जोखीम नाही. लाल म्हणजे जोखमीचं गरोदरपण. निळी रक्तदाबासाठी, पिवळी मधुमेह किंवा थायरॉइडसारख्या सोबतच्या आजारासाठी. पट्टी लाल असेल तर पुढची तारीख आणि कुठल्या रुग्णालयात जायचं, ही दोन्ही तिथेच कार्डावर लिहून मागा. हिरवी पट्टी नऊ महिने हिरवीच राहते असं नाही. सातव्या महिन्यात रक्तदाब १४०/९० झाला की सगळं बदलतं.

माहेरी जाण्याआधी

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. आपल्याकडच्या बाळंतपणांतला सगळ्यात धोक्याचा सांधा मला हाच वाटतो. सासरच्या आशाताईंना वाटतं ती गेली, माहेरच्या आशाताईंना ती आल्याचं कळत नाही, आणि नेमके रक्तदाब वाढण्याचे महिने तपासणीविना जातात. कपाटात कार्ड राहिलं तर रक्तगटापासून पुन्हा सुरुवात.

निघण्याआधी मूळ कार्ड, सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफी पिशवीत. त्यांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही. दोन्हीकडच्या आशाताईंना एकमेकींचा नंबर द्या. पोचल्यावर आठवड्याच्या आत माहेरच्या केंद्रात कार्ड दाखवा. नवी नोंदणी करायची नाही, जुनीच पुढे चालवायची, नाही तर पैशांच्या योजनेत दोन नोंदी दिसतात आणि हप्ता अडकतो.

बाळंतपण कुठे करायचं हेही तेव्हाच ठरवा. सगळं ठीक असेल तर जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, शहरात पाचपावलीसारखं महापालिकेचं सूतिकागृह किंवा डागा स्त्री रुग्णालय. आधीचं सिझर, जुळी, कमी रक्त, वाढलेला रक्तदाब, वार खाली असणं, यांपैकी काही असेल तर सिझर आणि रक्ताची सोय चोवीस तास असलेलं ठिकाण. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, एसएस सिकलसेल किंवा आधी झटके आलेले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ, बाकीचे तज्ज्ञ आणि आयसीयू एकाच आवारात हवेत, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स. एम्स केंद्राचं आहे आणि तिथले शुल्काचे नियम वेगळे, म्हणून पहिल्याच दिवशी योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या.

देवलापार, नरखेड किंवा भिवापूरकडची जोखमीची बाई कळा सुरू झाल्यावर आधी केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, मग नागपुरात अशी टप्प्याटप्प्याने आली तर त्यात अर्धा दिवस जातो. तिने तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच शहरात नातेवाइकांकडे येऊन राहावं, किंवा डॉक्टरांना विचारून आधीच दाखल व्हावं.

पैशांचे अर्ज

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. नोंदणी आणि किमान एका तपासणीनंतर ३,०००, आणि जन्मनोंदणी व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडून होतो. बाळ झाल्यावर २७० दिवसांनंतर केलेला अर्ज धरत नाहीत. पैसे आधारशी जोडलेल्या तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नाही. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, अशी तफावत असेल तर अर्ज तिथेच थांबतो. नाव बदलायचंच असेल तर अर्जाआधी दोन्हीकडे बदला, नाही तर दोन्हीकडे जुनंच राहू द्या.

दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बायांना जननी सुरक्षा योजनेतून रुग्णालयातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे.

निघायची वेळ

या खुणा दिसल्या की १०८ लावा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, चेहऱ्यावर सूज, बरगडीखाली पोटात दुखणं, झटका, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं. "सकाळी बघू" म्हणायचं नाही. डोकेदुखीवर बाम चोळत बसलेल्या बाईला पहाटे झटका येतो, असं फार वेळा झालं आहे.

गाडीत बसताना कार्ड, रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड, बाळाचे कपडे आणि रक्त देऊ शकेल असा एक माणूस. रक्तदाब वाढलेला असताना किंवा झटका आल्यावर पुढे पाठवत असतील तर निघण्याआधी झटके रोखणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा: "मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं का? चिठ्ठीवर वेळ लिहिली का?" पहिला डोस देऊन मग पाठवायचं, असाच नियम आहे.

रुग्णालयात कोणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर भांडू नका. "जननी-शिशुमध्ये आहे ना हे?" एवढं परिचारिकेला शांतपणे विचारा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्यांवरच मोफत उपचार आहेत. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तिथे इतर रुग्णांना शुल्क असतं, पण बाळंतिणीला नाही. बाहेरून काही आणावंच लागलं तर बिल आणि चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा. तांबी बसवायची असेल किंवा नसबंदी करायची असेल तर ते आधी ठरवा. कळा चालू असताना पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

खासगी धर्मादाय रुग्णालयात जावं लागलं तर तिथल्या १० टक्के खाटा वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत, आणि आणखी १० टक्के ३ लाख ६० हजारांपर्यंतच्या कुटुंबांना सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

घरी आल्यावर

नॉर्मल झालं तरी ४८ तास रुग्णालयातच राहा. रक्तस्राव आणि झटके बाळंतपणानंतरही होतात, आणि पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या फक्त बाळाचं वजन करून निघाल्या तर आईचा ताप, टाके आणि अंगावरून जाणं याबद्दल तुम्हीच बोला. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, अंगावरून जाण्याला दुर्गंधी असेल, एका पायाला सूज आणि दुखणं असेल किंवा धाप लागत असेल तर परत रुग्णालय. खोली बंद करून शेगडी पेटवण्याची आपल्याकडची पद्धत मे महिन्यात तरी सोडा. आणि बाळंतिणीला पाणी कमी देऊ नका, टाके पिकतील म्हणून तर मुळीच नाही.

दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल तर ती बाहेरची बाधा नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाळ काचेत ठेवावं लागलं आणि खर्च फुले योजनेतून करायचा असेल तर बाळाचं नाव रेशन कार्डावर नाही म्हणून परत फिरू नका. जन्माचा दाखला, आईवडिलांबरोबरचा फोटो आणि त्यांचं रेशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे जा. तातडी असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत करा. मातृवंदनाच्या दुसऱ्या हप्त्याला आणि बांधकाम मंडळाच्या अर्जाला तोच दाखला लागतो.

अडलं तर

पैसे मागितले, गाडी नाकारली किंवा दाखल करून घेतलं नाही तर आधी त्याच आवारातल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. योजनेबद्दलची तक्रार १५५३८८ वर, आरोग्य सेवेबद्दलची १०४ वर. तक्रार क्रमांक, तारीख, वेळ आणि कोणत्या खिडकीवर काय सांगितलं ते कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेवर लिहून ठेवा. वस्तीतली महिला आरोग्य समिती किंवा गावची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती यांच्या बैठकीत हा विषय लेखी नोंदवता येतो. चार घरांच्या तक्रारी एकत्र नेल्या तर त्या बाजूला टाकणं कठीण जातं.